रुद्राणीची निर्जळी फायनल

रुद्राणी आमच्या घरी राहायला आली ती पाण्यामुळे. ब्याऐंशी साली पावसानं मृगात तोंड दाखवलं आणि पुन्हा फिरकला नाही. ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले गेले, कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ पुसून नवं नाव रंगवलं गेलं. दिवाळीच्या आधीच कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची विहीर आटली, मेस बंद झाली आणि मुली ट्रंका घेऊन आपापल्या गावी निघाल्या.

माझी तुळजा त्या वर्षी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होती. ती रडतच घरी आली. “आई, रुद्राणी गावाला गेली तर आमचा संघ संपला.”

तिचं खोटं नव्हतं. मी रुद्राणीला खेळताना पाहिलं होतं. उंच, सावळी, हाडापेरानं मजबूत. जळकोटजवळच्या खेड्यात वडिलांच्या शेतावर कडब्याची गंजी रचताना खालून वर पेंढ्या फेकायचं काम तिचं. वरचा माणूस जिथं हात करील तिथंच पेंढी गेली पाहिजे, नाहीतर तो शिव्या घालतो. खेळाचे भीमाशंकर सर म्हणायचे, “मी हिला काही शिकवलं नाही. पेंढीच्या जागी चेंडू दिला, एवढंच.” छातीपासून दोन्ही हातांनी ती चेंडू सोडायची आणि तो कडीला न शिवता खाली यायचा. बोलायची कमी. हसली की मात्र मान खाली घालून बराच वेळ हसत राहायची.

मी तिच्या वडिलांना भेटायला गेले. गुरुपादप्पा ओट्यावर बसले होते, कपाळावर भस्माचे पट्टे. मी सांगितलं, पोरगी माझ्या घरी राहील, माझ्या मुलीसारखी. त्यांनी आधी आत चहा सांगितला.

“अक्का, तुम्ही शिकलेल्या,” ते म्हणाले. “खेळू द्या, माझी ना न्हाई. पण एक सांगतो. आमच्यात लिंग अंगावरून उतरवत न्हाईत. जिता हाय तवर. लिंग अंगावर नसलं तर पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा न्हाई. ते खेळापायी उतरलं, की तिचा खेळ त्या दिवशी संपला. तुमच्या शब्दावर देतोय पोरगी.”

मी शब्द दिला. जड वाटला नाही तो. गळ्यातली चांदीची छोटी डबी, तिच्यात जांभळाएवढं काळं गुळगुळीत इष्टलिंग. त्यात सांभाळायचं काय, असं मला वाटलं.

रुद्राणी रोज सकाळी तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकायची. डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घ्यायची, भस्म लावायची, डोळे त्यावर लावून बसायची. त्यानंतरच पाणी, मग चहा. पहिल्या दिवसांत तुळजा तिला चिडवायची, “अगं, हातावर काय उगवणार आहे का?” नंतर ती स्वतःच त्या वेळी रेडिओ बंद करायला लागली.

त्या हंगामात आमच्या पोरी एकही सामना हरल्या नाहीत. संघ बाहेर निघाला तेव्हा बरोबर एक बाई हवी, असा नियम होता. कॉलेजात खेळाच्या बाई नव्हत्या. मी बी.ए. झालेली, तीही नांदेडला, म्हणून सरांनी मलाच लेडी मॅनेजर केलं. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मला कळायची ती काळजी. दाराला कुलूप लावून मी चार पायऱ्या उतरते आणि ते ओढून बघायला परत जाते. पोरींची तिकिटं मोजायची, पोरी मोजायच्या, पुन्हा तिकिटं मोजायची.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे शेवटचे सामने जानेवारीत नांदेडला होते. मैदानाभोवती गर्दी. आमचा संघ आत आला तेव्हा मागून एक पोरगा ओरडला, “कालचा जिल्हा आला रे! पाटीचा रंग अजून ओला हाय!” तुळजानं वळून उत्तर दिलं, “रंग तरी ओला हाय. तुमची गोदावरी बघा जाऊन.” गर्दी हसली. रुद्राणीही मान खाली घालून हसली.

लातूरला सामने झाले तेव्हा रुद्राणी डबी फडक्यात गुंडाळून बनियनच्या आत घट्ट बांधायची आणि कुणी काही म्हणायचं नाही. नांदेडला पहिल्याच सामन्यात चेंडूसाठी झटापट झाली आणि समोरच्या मुलीची भुवई त्या डबीवर आपटून फुटली. त्यामुळे उपांत्य सामन्याआधी पंच स्वतः आमच्या बाकापाशी आले. भला माणूस होता. “गळ्यात टणक काही चालणार नाही. काढा, नाहीतर या मुलीला बाहेर बसवा.”

रुद्राणीनं माझ्याकडे पाहिलं. “काकू, अप्पांनी...”

भीमाशंकर सर घड्याळ बघत होते. तुळजा माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती ती मी अजून विसरलेले नाही. मी म्हणाले, “तासाभराचा प्रश्न आहे. माझ्या मुठीत म्हणजे तुझ्याच अंगावर समज.”

तिनं हळूहळू गळ्यातला शिवदोरा डोक्यावरून काढला. डबी कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. “मग परत गळ्यात येईस्तोवर मी पाणी घ्यायची न्हाई.”

गुरुपादप्पांना दिलेला शब्द तिथंच मोडला होता. पण तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहीत नसते.

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. आमच्या बाकामागे काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मी मूठ आवळून बसले होते. मग मला भीती वाटायला लागली, की डबीत ते आहे ना? मी डबी उघडून पाहिली. होतं. बंद केली. थोड्या वेळानं पुन्हा उघडली. कुलूप ओढून बघावं तशी. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा शेवटचं मिनिट चालू होतं आणि समोर तुळजाला जोरात धक्का बसला. ती गुडघ्यावर पडली. मी ताडकन उठले.

डबी हातातच राहिली. लिंग बाकाच्या फळीवर एकदा वाजलं, जमिनीवर आलं, घरंगळलं आणि भेगेत गेलं. मी गुडघ्यावर बसून हात घातला. खांद्यापर्यंत घातला. खाली नुसती गार पोकळी होती. पाठीमागे टाळ्या, शिट्ट्या, आमच्या पोरींची आरडाओरड. आम्ही दोन गुणांनी जिंकलो होतो.

बाकाशेजारी लांब उडीचा खड्डा होता, नदीच्या वाळूनं भरलेला. त्या वाळूत काळे गोटे असतात. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. बोटांनी वाळू उकरली, तेवढाच, तसाच एक उचलला, पदरानं पुसला आणि डबीत घालून झाकण दाबलं.

रुद्राणी धावत आली. ओठांना पांढरी पापडी आली होती. तिनं हात पुढे केला. “द्या काकू.”

मी दिली. तिनं ती कपाळाला लावली, गळ्यात घातली आणि माठावर जाऊन चार ग्लास पाणी घटाघट प्यायली. तिच्या गळ्याची हालचाल मी बघत होते. मी मनाला सांगितलं, पोरीच्या जिवासाठी केलं. खरं सांगायचं तर मनात दुसऱ्या दिवशीची फायनलही होती. आणि तुळजाचा तो चेहरा.

आम्ही एका शाळेच्या वर्गात उतरलो होतो. सकाळी रुद्राणी सगळ्यांच्या आधी उठली. मी डोळे मिटून पडून होते. डबी उघडल्याचा बारीक आवाज आला. त्यानंतर काहीच आवाज आला नाही, फार वेळ. मग भस्माची पुडी सोडल्याची खसखस ऐकू आली. रोज व्हायची तेवढी सगळी पूजा झाली. डबी बंद झाली.

चहा आला. रुद्राणीनं कप घेतला आणि शेजारच्या मुलीला दिला.

दुपारी मैदानावर पंचांनी सांगायच्या आधीच तिनं डबी काढली. मला वाटलं, आज सरांकडे देईल. ती माझ्याकडे आली. “सांभाळा काकू.” एवढंच बोलली, आवाजात काही नव्हतं.

तसा खेळ मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. ती पळत नव्हती, पळायला अंगात काही नव्हतंच. एका जागी उभी राहायची आणि चेंडू आला की सोडायची. मध्यंतरात सरांनी लिंबूपाण्याचा ग्लास तिच्या तोंडापाशी नेला.

“आज उपास हाय सर.”

तुळजा गुडघ्याला फडकं बांधत होती. “कसला गं उपास? काल चार ग्लास ढोसलेस की!”

“म्हणून तर,” रुद्राणी म्हणाली. पोरी हसल्या. त्यांना वाटलं, पोट बिघडलंय.

मी तेव्हा उठून सांगायला हवं होतं. मी डबी धरून बसून राहिले. त्या दिवशी ती एकदाही उघडली नाही.

एक्केचाळीस-अडतीस. नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच वर्षी लातूरच्या पोरींनी विद्यापीठाचा चषक घेतला. त्यातले एकोणीस गुण रुद्राणीचे. भीमाशंकर सरांचे डोळे भरून आले होते. विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाल्याचं तिथंच जाहीर झालं. आठ दिवसांनी शिबिर, मग परराज्यात सामने. पोरी चषक डोक्यावर घेऊन नाचत होत्या आणि ती खांबाला टेकून उभी होती. मी जवळ गेले.

“रुद्राणी, काल मी...”

“उडीच्या खड्ड्यातला हाय नव्हं?” ती हळू म्हणाली. “वाळू चिकटली होती.”

“अगं, मग पूजा?”

“हातावर घेतला होता. तसाच कसा ठेवायचा?” तिनं माझ्या हातातली डबी घेतली. “तुमच्यावर राग न्हाई काकू. पण मी काल पाणी पिले. ते आता मला कसं काढता येईल?”

नवं लिंग गुरूंकडूनच घ्यावं लागतं आणि त्यांचे स्वामी तिच्या गावाजवळच्या मठात होते. संघ सरांबरोबर लातूरला गेला. आम्ही दोघींनी कंधारवरून जाणारी जळकोटची एस.टी. पकडली. मी तिला दोनदा पाणी विचारलं. दुसऱ्यांदा ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर करपलेलं रान. वाटेत मी सगळं ठरवलं होतं, काय सांगायचं, कुठल्या शब्दांत. चूक माझी आहे, अप्पा. तिला शिक्षा देऊ नका, तिला शिबिराला पाठवा. मनातल्या मनात मी ते इतक्यांदा म्हटलं, की मला ते सांगून झाल्यासारखं वाटू लागलं.

तिचं पुढं काय झालं ते आधी सांगते. शिबिराचं पत्र आलं आणि परत गेलं. संघातली तिची जागा दुसऱ्या कॉलेजच्या मुलीला मिळाली. रुद्राणी कॉलेजला परत आलीच नाही. पुढच्या उन्हाळ्यात उदगीरच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी तिचं लग्न झालं. आम्हाला पत्रिका आली होती. तुळजा गेली, मी ताप असल्याचं सांगितलं. तिला दोन मुलं झाली, दुकान ती स्वतः चालवते, असं कानावर येतं. तुळजाच्या मुलीनं गेल्या वर्षी शाळेच्या संघात नाव दिलं तेव्हा मी उगाचच नको नको म्हटलं. का, ते कुणाला सांगू शकले नाही. मैदानाच्या कडेला मी अजून बसू शकत नाही. उकिडवं बसून खाली हात घालावासा वाटतो.

त्या संध्याकाळी गुरुपादप्पा ओट्यावरच होते. तिच्या उघड्या गळ्याकडे त्यांनी पाहिलं आणि उठून उभे राहिले. डबी तिच्या हातात होती.

“अप्पा, लिंग गेलं,” रुद्राणी म्हणाली. “माझ्या हातानं पडलं. भेगेत गेलं.”

“कवा?”

“काल.”

“काल.” ते तेवढंच म्हणाले. “आन् पाणी?”

तिनं मान खाली घातली. आतून तिची आई रडायला लागली. गुरुपादप्पांनी स्वामींना बोलवायला माणूस पाठवला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मग ते माझ्याकडे वळले.

“अक्का, तुम्ही होता की तिथं.”

मी तोंड उघडलं. शब्द तयार होते, एस.टी.त घोकलेले, त्याच क्रमानं. मी उघडलं होतं तोंड, एवढं मला नक्की आठवतं.

“काकू लांब बाकावर होत्या,” रुद्राणी म्हणाली. “त्यांना काय दिसणार? अप्पा, लातूरची शेवटची गाडी हाय, त्यांना चौकापर्यंत सोडा. तुळजाचा गुडघा दुखावलाय, ती वाट बघत असंल.”

गुरुपादप्पांनी माझी पिशवी उचलली आणि ते पुढं निघाले. मी त्यांच्या मागून चालायला लागले.