छबूला घेऊन हिंगोलीला

जवळा बाजारहून बैलगाडी निघाली तेव्हा सखूने, माझ्या बायकोने, छबूच्या जिभेवर पुन्हा एकदा मधात उगाळलेलं वेखंड लावलं. पोर चार वर्षांची झाली, तरी अजून 'आई' म्हणत नव्हती. गावाने तिला खुळी ठरवून टाकलं होतं. मला ते पटत नव्हतं, पण उद्या पटेल की काय याची भीती होती. म्हणून हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं ठरलं. निजामाच्या अमदानीत तेवढाच एक मोठा डॉक्टर आमच्या आवाक्यातला.

गाडी शेजारच्या रहीमचाचांची. मी पडलो शाळामास्तर, तोंड बंद ठेवणं मला जमत नाही. पुढे चाचांजवळ बसून वाटभर सांगत होतो, "छबे, ही बघ बाभूळ! तो बघ भारद्वाज!" मागे ती आईच्या मांडीवर गप्प.

औंढ्याला देवळाजवळ मुक्काम केला, भाकरी सोडली. ठेचा असा जहाल की चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. छबूने उठून आपल्या परकराने त्यांचे डोळे पुसले.

"मास्तर, लेकरू खुळं न्हाई," चाचा म्हणाले. "लोक काहून बोंबलून राहिले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी हिंगोली गाठली. डॉक्टर वयस्क, पानाने ओठ लाल.

"हिला ऐकू येतं?"

मला रागच आला. "येतं म्हणजे काय! गाडीच्या घुंगरमाळा आम्हाला ऐकू यायच्या आधी ही दाराकडे पळते."

"तेव्हा अंगणात आणखी कोण असतं?"

"कोण असणार? कपिला. आमची गाय."

डॉक्टरांनी छबूच्या पाठीमागे जाऊन पितळी तांब्यावर चमचा ठणकन मारला. मी दचकलो. छबू फरशीवरची मुंगी बघत होती. त्यांनी पुन्हा मारला. तिसऱ्यांदा सखूने तोंडाला पदर लावला.

"मास्तर, ऐकते ती तुमची गाय. ती कान टवकारते, अन् ते बघून ही पळते. कान न्हाईत हिला, पण अक्कल बराबर आहे. बोलणं कधी ऐकलंच न्हाई, तर बोलणार कुठून?"

"औषध?"

"न्हाई. समोर बसून, तोंड दाखवून बोला. शिकेल."

सखू रडली. मीही रडलो, लाज कसली? पोर खुळी नव्हती, आणि माझी हाक तिला कधीच ऐकू जाणार नव्हती.

परतताना मी बैलांकडे पाठ करून, छबूसमोर बसलो.

"उलटं बसल्यावर चक्कर येईल, मास्तर!"

"येऊ द्या!"

बाभूळ दिसली की आधी बोट दाखवायचो, मग सावकाश ओठ हलवायचो. चक्कर आलीच, ओकारीही झाली. छबू खदखदून हसली.

घराजवळ आलो तशी कपिलेने कान टवकारले. छबूने माझी बाही ओढून ते मला दाखवलं. मी ओठ हलवले, "कपिला." तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं आणि मग आपले ओठ तसेच हलवले. आवाज काही निघाला नाही. पण चार वर्षं मी पाठमोरा बडबडत होतो, त्याचं पहिलं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.