मेजरसाहेबांचा पर्कोलेटर

पासष्ट सालची लढाई सुरू झाली तेव्हा आमची चाळीस माणसांची तुकडी दिघीच्या खाडीच्या तोंडाशी, एका टेकडीवर होती. काम एकच. समुद्राकडे बघत राहायचं आणि काही दिसलं की वायरलेसवर कळवायचं. जनरेटर, तारा आणि दिवे माझ्याकडे. मी वीजतंत्री, हवालदार म्हात्रे. घर रेवसजवळ, बापजाद्यांचा धंदा मिठागराचा. आपल्याच जिल्ह्यात पोस्टिंग मिळालं म्हणून आईने गावात साखर वाटली होती.

दिवस ठरलेला असे. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारांनिशी मोर्च्यावर उभं राहायचं, सहाला जनरेटर चालू, साडेसहाला मेजरसाहेबांची कॉफी. ही कॉफी विजेच्या पर्कोलेटरमध्ये होत असे. सत्तेचाळीसला कुणी गोरा साहेब जाताना तो मेसला ठेवून गेला होता. वरून चकचकीत मुलामा, आत मधोमध एक नळी, नळीवर कॉफीच्या पुडीची जाळी आणि बुडाखाली तापणारं एलिमेंट. पाणी उकळून नळीतून वर चढायचं आणि पुडीवर पडायचं. मेजरसाहेबांनी रायफलींची तपासणी एखाद वेळी चुकवली असेल, त्या भांड्याची कधी नाही.

भांडं सांभाळायचं काम हिराजीचं. हिराजी मेस वेटर, वय चोवीस, टेकडीखालच्याच कोळीवाड्यातला. मेसच्या दारात उभं राहिलं की त्याच्या घराचं छप्पर दिसे. वडील वादळात गेलेले, घरी एकटी आई. तो सरळ होता, कामाला वाघ होता आणि सांगितलं त्यापेक्षा चार पावलं पुढे जाऊन करायची त्याला खोड होती.

टेकडीवरच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. महिन्याभरात पर्कोलेटरच्या नळीत पांढरा थर धरला आणि कॉफी कोमट येऊ लागली. एका सकाळी मेजरसाहेबांनी कप भिंतीवर फेकला.

"ये कॉफी है या समुंदर?"

हिराजीच्या पांढऱ्या सदऱ्यावर कॉफी उडाली. तो 'सॉरी सर' म्हणाला आणि काचा वेचायला बसला. मी दारात होतो. मला त्या माणसाचा राग आला. तो आजही गेलेला नाही.

भांडं मी वर्कशॉपमध्ये नेलं आणि हिराजीला शिकवलं. जाळी रोज धुवायची, तेलकट पूड राहिली की कडू वास धरते. नळीतून तारेला बांधलेली चिंधी ओढायची. प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही. पांढरा थर निघेना तेव्हा मीच म्हणालो, "आत पाणी भर, चार आमसुलं टाक आणि उकळव. आपल्याकडं तांब्याची भांडी कशी निघतात?"

हिराजी हसला. "त्याला काय, आयेला निरोप धाडतो."

आमसुलांनी थर सुटला. नंतर तीनदा साधं पाणी उकळलं. कॉफी पहिल्यासारखी आली. मेजरसाहेबांनी दुसरा कप मागवला, म्हणजे खूष होते. बुडाला पाणी लागू द्यायचं नाही, एवढं मात्र मी हिराजीला सांगितलं नाही. बुडाखाली वीज असते ही मला इतकी ठाऊक गोष्ट होती की ती कुणाला सांगावी लागेल असं वाटलंच नाही.

पंधरा दिवसांनी ब्रिगेडियर साहेबांच्या भेटीचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येणार. मेजरसाहेबांचा हुकूम सुटला, भांड्यात तोंड दिसलं पाहिजे, आणि उद्याची साडेसहाची कॉफी ब्रिगेडियर साहेबांबरोबर दहालाच. आमच्या किनाऱ्यावर सणाच्या आदल्या दिवशी तांब्याची हंडी आमसुलाच्या पाण्यात आख्खी बुडवून ठेवतात, सकाळी ती सोन्यासारखी निघते. हिराजीने तेच केलं. पर्कोलेटर बुडासकट बादलीत ठेवला. आमसुलं मिठात वाळवलेली असतात. मीठ लोखंडाचं काय करतं हे मिठागरवाल्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

सात वाजता त्याने भांडं मला कौतुकाने दाखवलं. आरशासारखं चमकत होतं. मी ते आडवं केलं, तर बुडाच्या स्क्रूतून लाल पाणी ठिबकलं.

"हिराजी, हे बुडवलंस?"

"व्हय दादा. रातभर. चुकला काय?"

मी त्याला घेऊन मेजरसाहेबांकडे गेलो. हिराजी दारात थांबला. मी सॅल्यूट केला.

"सर, पर्कोलेटर अनसर्व्हिसेबल है. अंदर पानी गया है. तीन दिन सुखाना पड़ेगा."

"दस बजे कॉफी बनेगी."

"सर, शॉक लगेगा. अर्थिंग नहीं है."

"हवालदार, तुमसे पूछा नहीं. चूल्हे पे सुखाओ. डिसमिस."

मी बूड उघडलं, पुसलं, चुलीजवळ दोन तास धरलं. प्लग कापून टाकायला एक पक्कड पुरली असती आणि पक्कड माझ्या खिशात होती. मी कापला नाही. हुकूम होता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मी भ्यालो. पुढच्या रँकसाठी माझं नाव वर गेलं होतं. हिराजीला फक्त एवढं म्हणालो, "आधी प्लग काढ, मगच उचल."

"व्हय दादा."

नऊ पन्नासला गेटवरून फोन आला, जीप आत आली. दहा दहाला कॉफी उकळत होती. मेजरसाहेब ब्रिगेडियर साहेबांना घेऊन मेसमध्ये शिरले आणि ओरडले, "कॉफी! जल्दी!" हिराजी दचकला. मेसची फरशी नुकतीच पुसलेली होती, त्याचे कॅनव्हासचे बूट ओले होते. त्याने दोन्ही हातांनी पर्कोलेटर उचलला. प्लग भिंतीतच होता.

तो ओरडला नाही. नुसता ताठ झाला. मी पाच पावलांवर होतो. प्लग ओढून काढेपर्यंत तो खाली पडला होता आणि भांडं त्याच्या छातीवर होतं. मी आणि नर्सिंग असिस्टंटने त्याला पन्नास मिनिटं श्वास दिला. अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही थांबलो. शेजारच्या तंबूत ब्रिगेडियर साहेबांना चहा दिला गेला.

चौथ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मेजरसाहेब म्हणाले, हवालदाराने मला काहीही सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्ही सांगितलंत याला साक्षीदार?"

"एक होता, सर."

"कोण?"

"मयत."

दुपारी माझा जबाब म्हणून टाइप केलेला कागद माझ्यासमोर आला. भांड्याचं बूड भिजवू नये अशी सूचना मयताला दिलेली होती. ती न पाळल्यामुळे, स्वतःच्या निष्काळजीपणाने, मृत्यू. अशी सूचना मी कधीच दिली नव्हती. त्या कागदाने मेजर बचावत होता आणि माझी चूकही झाकली जात होती. मी सही केली.

त्याच आठवड्यात पर्कोलेटर दुरुस्तीला माझ्याकडे आला. वर चिठ्ठी: 'रिपेअर अँड रिटर्न टू मेस.' जाळीत त्या दिवशीची पूड तशीच होती. ती मी काढली, जाळी धुतली, नळीतून चिंधी ओढली, सगळं शिकवल्याप्रमाणे. मग एलिमेंट बाहेर काढलं आणि ऐरणीवर ठेवून घणाने चपटं केलं. चिठ्ठीवर लिहिलं, दुरुस्तीपलीकडे. मेजरसाहेबांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि ती फाईलला लावली.

हिराजीची पेटी घरी पोचवायला मीच खाली उतरलो. त्याची आई अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिने पेटी घेतली नाही.

"तलाठ्यान कागद वाचून दाकवला. माझे पोराची चूक व्हती म्हनून लिवलंय. खरा काय ता सांग."

"न्हाय आये. त्याची चूक न्हाय."

"मंग खाली सही कोनाची हाय?"

"माजी."

ती घरात गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. "त्यानं निरोप धाडलेला, सायबाचे भांड्याला आमसुला पायजेत. म्हसळ्याशी आनली मी, चालत जाऊन." तिने डबा माझ्या बुटांवर रिकामा केला. "ने. घास तुजे सायबाचा भांडा."

मी खाली बसलो आणि एकेक आमसूल वेचलं. ती उभी राहून बघत होती. शेजारपाजारचेही बघत होते. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

आमच्या गावच्या शाळेत सव्वीस जानेवारीला जिल्ह्यातल्या हुतात्म्यांची नावं वाचतात. वाचायला मला बोलावतात. यादीत नसलेलं एक नाव मी दरवर्षी शेवटी घेतो. यंदा हेडमास्तर म्हणाले, "म्हात्रेसाहेब, हे लढाईत नव्हते ना गेले? भांडं धुताना गेले म्हणतात." मी त्यांना पोरांसमोर नको ते बोललो. घरी येऊन हे लिहायला बसलो.

तेव्हा हा माझा दुसरा जबाब समजावा. बूड भिजवू नको असं त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. धोका मेजरला सकाळी सात वाजता सांगितला होता. पक्कड माझ्या खिशात होती. मेस वेटर हिराजी ड्युटीवर असताना, हुकूम पाळताना गेला. त्याची चूक नव्हती. खाली सही माझी आहे.