लोखंडालाही ‘आप’ म्हणणाऱ्या बाजी

आमच्या बाजी, म्हणजे उर्दूत ताई, व्यायामाच्या मशीनलाही ‘आप’ म्हणत. लोखंडी चकत्यांची ती चळत वर जाऊन खाली यायला लागली, की तिला हळूच सांगायच्या, “आइए, आराम से तशरीफ रखिए.” पहिल्या दिवशी मशीनवर बसल्या बसल्या हे ऐकलं आणि मला वाटलं, मागे कुणी पाहुणी आली. दांडी सोडून मी उठून उभी राहिले. चकत्या धाडकन आदळल्या. बाजी मला काहीच बोलल्या नाहीत. चकत्यांना म्हणाल्या, “माफ कीजिए, नई हैं.”

ही गोष्ट लखनौच्या महानगर कॉलनीतली, ऐंशी सालानंतरची. आमच्या यांची अकोल्याहून तिकडे बदली झाली होती. थंडीत मी सायकलरिक्षातून पडले आणि उजवं कोपर मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात तुराटीसारखा झाला होता. दीड वर्षाची मीना तोवर शिकून बसली होती, की आईपुढे हात पसरायचे नाहीत. “आई बाऊ,” म्हणायची आणि बाबांकडे वळायची. डॉक्टर म्हणाले, हाताला ताकद आणा, नाहीतर हा असाच राहील. त्या ‘असाच’ची मला धास्ती बसली. हात राहील तसा राहो, पण पोरगी अशीच राहिली तर?

कपूरथला बाजाराच्या मागे बाजींच्या भावाची व्यायामशाळा होती. दुपारी पुरुष नसत, तो वेळ बायकांचा, आणि त्या वेळेच्या मालकीण बाजी. पन्नाशीच्या, सलवार-कमीज, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, तोंडात कायम वेलची. पूर्वी त्या मुलींच्या शाळेत पीटी शिकवत, हे कळलं आणि मी दारातूनच परत फिरणार होते. मी आठवीत शाळा सोडलेली. शिकवणारं माणूस समोर आलं की मला अजून घाम फुटतो. शाळेत मला ‘ए’ किंवा ‘गधडे’ याशिवाय हाक नव्हती. बाजी मशीनकडे हात करून म्हणाल्या, “बैठिए दुल्हन. ये काटते नहीं.” मला कुणी शिकवणाऱ्याने ‘बसा’ म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

मशीनच्या चकत्यांमध्ये एक खुंटी खुपसायची असते. ती जितकी खाली, तितकं वजन जास्त. माझ्या आधी एक धिप्पाड ठाकुराईन बसायच्या. त्या उठल्या, की त्यांची खुंटी वर सरकवायची मला लाज वाटे. चारचौघींच्या देखत आपला कमीपणा कसा दाखवायचा? मग दात-ओठ खाऊन तेच वजन ओढायची. एकदा हातातून दांडी निसटली, चकत्या खाली आल्या आणि त्यांच्यात माझा पदर अडकला. मी तिथेच बांधलेली. ठाकुराईन ओरडल्या, “लो, मराठिन के तो मशीन से फेरे हो गए!” सगळ्या खिदळल्या. माझे कान तापले.

बाजींनी पदर सोडवला. “मुबारक हो,” त्या म्हणाल्या, “मगर दूल्हा ज़रा भारी है.” खुंटी काढून त्यांनी सगळ्यात वरच्या चकतीत घातली, आणि मला बसवण्याऐवजी स्वतःच बसल्या. ती एकुलती एक चकती त्या सगळ्यांसमोर सावकाश ओढत राहिल्या, जणू त्यांनाही तेवढीच झेपते. हसणं आपोआप थांबलं. त्या दिवसापासून तिथे एक रीतच पडली. आपलं झालं, की उठताना खुंटी पहिल्या चकतीत घालून उठायचं. नंतर येणारीला ती वर सरकवावी लागू नये. ठाकुराईनसुद्धा न विसरता तसं करायच्या.

बाजींचं सगळं लक्ष वजन खाली येताना असे. “उठा तो सब लेते हैं दुल्हन, रखना सीखिए.” चकत्या टेकल्याचा आवाज शेजारच्या खोलीत जाता कामा नये. ही सवय माझ्यासोबत घरीही आली. कढई, बादली, पोळपाट, सगळं मी अलगद ठेवायला लागले. हे एकदा घाबरून म्हणाले, “काय झालं? भांड्यांचा आवाज नाही. रागावलीस का?”

मी रोज विचारायची, “बाजी, आता बेटी को उठाऊँ क्या?” त्यांचं उत्तर ठरलेलं, “अभी नहीं.” उन्हाळा आला. मीना धावायला लागली होती. एक दिवस मला राहवेना. म्हटलं, “मेरा हाथ ठीक होने तक वो बड़ी हो जाएगी जी. फिर किसको उठाऊँ?” त्या दिवशी बाजींनी माझा हात खांद्यापासून मनगटापर्यंत दोनदा चाचपून पाहिला. निघताना म्हणाल्या, “कल उन्हें साथ लाइए.” ‘उन्हें’ म्हणजे मीना.

दुसऱ्या दिवशी मीना खोलीच्या मधोमध उभी, फ्रॉकचं टोक चघळत. “उठाइए,” बाजी म्हणाल्या.

“गिर गई तो?”

“मैं यहीं खड़ी हूँ. मगर देखूँगी नहीं.” आणि खरंच त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी गुडघे वाकवले. तिच्या काखेत हात घातले. तिने अंग ताठ केलं. माझ्या हातांची सवयच मोडली होती तिची. पण ती वर आली, कडेवर बसली आणि माझं कानातलं धरून तपासायला लागली.

भिंतीकडूनच आवाज आला, “हुआ?”

माझ्या आधी मीनाच म्हणाली, “अजून वर.”

“क्या फरमाती हैं?”

“और ऊपर बोलती, जी.”

तेव्हा बाजी वळल्या. वेलची एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाल्या, “तो देर क्यों? हुक्म हुआ है आपको.”

पुढच्या वर्षी आमची बदली झाली. निघताना मी वाकले, तर बाजींनी मला अर्ध्यातच धरून उभं केलं. पुढे लखनौच्या ओळखीच्या माणसांकडून कळलं, की बाजी गेल्या. तेही बऱ्याच उशिरा.

मीनाला बाजी आठवत नाहीत. आता ती स्वतः दोन मुलांची आई आहे. एकदा तिला सांगितलं, की बाई, मी तुला कितीतरी महिने उचलून घेतलं नव्हतं. तिला पटेना. “काहीतरीच काय आई! मी तर सारखी तुझ्या कडेवर असायची.”

मी हातातली कपबशी अलगद खाली ठेवली.