पाटलांचा मंगळवार

यांना हार्ट अटॅक आला आणि बरी मी झाले.

हे दवाखान्यातून घरी आले ते मुके होऊनच. महिनाभर भिंतीकडे तोंड! डॉक्टर म्हणाले, "हृदय सावरलंय, मन खचलंय. असेच पडून राहिले तर पुन्हा दवाखाना. आमच्या समुपदेशक बाई दर मंगळवारी फोनवर यांच्याशी बोलतील." आमच्याकडे कुठला फोन? विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत मोबाईल एकच, रेतीचा धंदा करणाऱ्या म्हात्रेभाऊंचा. तोच नंबर दिला.

मंगळवारी भाऊ मोबाईल घेऊन आले. "घ्या दादा, तुमचा फोन हाय."

"लांब न्या तो डबा! त्याच्या लहरींनी हृदय बंद पडतं!" महिन्याभरातलं यांचं पहिलं वाक्य.

"मग वयनी, तुमीच धरा." (मी पोस्टमनशीसुद्धा दाराआडून बोलणारी!)

"पेशंटचं नाव?" बाईंनी विचारलं.

नवऱ्याचं नाव घ्यायचं? तेही भाऊंसमोर?

"पाटीलच ना?"

"हो."

"रात्री झोप लागते?"

"नाही."

"भीती वाटते?"

चौथीत पाढे विचारले होते, त्यानंतर मला कोणी काही विचारलंच नव्हतं! मी मोबाईल घेऊनच मोरीत शिरले आणि पोटभर रडले. बाईंनी रडू दिलं.

त्या मलाच पेशंट समजतायत, हे पुढच्या मंगळवारी लक्षात आलं. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "जेवलात का?" मग कसलं सांगते!

त्यांनी सांगितलं तसे मी दहा दीर्घ श्वास घेऊ लागले, संध्याकाळी देवळापर्यंत फिरू लागले. मला भूक लागायला लागली. आणि हे? वाळतच चालले. मला बघवेना, पण मंगळवारही सोडवेना!

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी बाईंचा कागद वाचला. "वा पाटील! रडणं थांबलं, भूक वाढली, दळणसुद्धा स्वतः आणता! सोमवारपासून कामावर जा."

यांना धड उभंही राहता येत नव्हतं. "मी? दळण?"

मला खरं सांगावंच लागलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. हे मात्र माझ्याकडेच बघत राहिले.

"तुला झोप लागत नव्हती?"

"नाही."

"का गं?"

"तुमचा श्वास चालतोय का, बघत बसायचे."

हे डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "पुढचा फोन मी घेतो."

आणि घेतला. मोबाईल हातभर लांब धरून, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असे ओरडून हे बाईंना सांगायचे, "मरणाची भीती वाटते हो!" हळूहळू उठले, हिंडूफिरू लागले.

मला मात्र आता कोणी काही विचारेना. एकदा छातीत बारीकशी कळ आली, तर काय आनंद झाला म्हणून सांगू! पण मेली ती हरभऱ्याच्या उसळीची निघाली.