चिंचेखालचं ऐसपैस घर

माझ्या उभ्या नोकरीत मी इतक्या घरांच्या पायऱ्या चढलो, की मोजायला बसलो तर पेन्शन पुरायची नाही. पण चिंचेखालच्या मामांइतकं ऐसपैस घर असलेला आणि त्या घराचा एवढा तोरा मिरवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. त्या घराला भिंती नव्हत्या आणि छप्पर नव्हतं, एवढीच काय ती उणीव. दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हाची ही गोष्ट. मी हिंगोलीत मलेरिया खात्यात होतो. दर पंधरवड्याला घरोघर जायचं, कुणाला ताप आला होता का ते विचारायचं, आला असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि रजिस्टरात नोंद करायची. गावात मला नाव नव्हतंच. मी आपला 'तापवाला'.

आठवडी बाजाराच्या मैदानाच्या कडेला एक जुनी चिंच होती आणि तिची सावली हेच मामांचं घर. सावली फिरे तसं घर फिरे. सकाळी ती पश्चिमेला लांबवर पसरलेली असे, तेव्हा तिच्यात ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर असं सगळं मावे. दुपारी घर आकसून खोडाशी येई. मग मामा गुडघे पोटाशी घेऊन बसत आणि "दुपारचं घर ल्हान पडून राहिलं" अशी कुरकुर करत. उन्हं कलली की घोंगडी, तांब्या आणि पत्र्याची पेटी उचलून पूर्वेकडच्या खोल्यांत बिऱ्हाड हलवत. ही उठाठेव ते इतक्या सावकाश आणि गंभीरपणे करत, की बघता बघता आपल्यालाही दारं, कोनाडे आणि फळीवरचे डबे दिसू लागत. मला तर एकदा फोडणीचा वास आला होता. तो शेजारच्या हॉटेलातला असणार, पण तेव्हा तसं वाटलं नाही.

पहिल्या भेटीत मी चपला घालून सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो. मामा उठून उभे राहिले.

"चपला तिकडं काढा. इथं चूल हाये."

मी मुकाट्याने चार पावलं मागे सरून चपला काढल्या. सरकारी माणूस असूनही का काढल्या, ते मला आजही सांगता येणार नाही. मग सवयीने विचारलं, "घरात कुणाला ताप?"

मामा खुलले. "मी एकलाच हाव. पर तुमी इचारलं, बरं वाटलं. आता सांगा, समद्या घरांवर गेरूनं नंबर हाये, आमच्याच घरावर काहून न्हाई?"

मी चिंचेच्या खोडावर ११७/अ असा नंबर रंगवला आणि पुढची दोन वर्षं त्या घराला न चुकता भेट दिली. बाजारच्या दिवशी भाजीवाल्या बाया सावलीला येत. मामा त्यांना ओसरीवर बसवत, माजघरात मात्र बोलावल्याशिवाय येऊ देत नसत. तहसील कचेरीच्या शिपायाने एकदा देवघरात सायकल उभी केली, तर त्याला ती उचलून बाहेर न्यायला लावली. ढकलत नव्हे, उचलून. जाताना कुणी भाकरी देई, कुणी कांदा. गावाने ते घर मान्य केलं होतं.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. रात्री अंधार सगळ्यांच्याच घरांवर असे, त्याचं मामांना काही वाटत नसे. पण दिवसा आभाळ भरून आलं, की सावली जाई, आणि मामा खरोखरचे बेघर होत. मग त्यांना चैन पडत नसे. पेटी काखेत मारून ते घर शोधायला निघत आणि वाट फुटेल तिकडे चालत. एका श्रावणात चार दिवस ऊन पडलं नाही. पाचव्या दिवशी मामा नरसीच्या रस्त्यावर एका ओढ्याकाठी सापडले, चिंब भिजलेले, तापाने फणफणलेले. दवाखान्यात त्यांच्या बोटाला सुई मीच टोचली.

डॉक्टर म्हणाले, "हा ताप उतरेल. पण पुढच्या पावसाळ्यात असेच निघाले, तर माणूस हाती लागायचा नाही."

दवाखान्याच्या आवारात आमचे फवारणीचे पंप ठेवायची एक खोली होती. सिस्टरबाईंनी डॉक्टरांना गळ घालून ती रिकामी करवली, झाडली, चुन्याने रंगवली. बाईंचा आवाज असा, की इंजेक्शनच्या आधीच रोगी घाबरून बरा व्हावा. पण मामा उंबऱ्यापाशी थबकले ते थबकलेच. बायको गेल्यावर त्यांचं चित्त ठिकाणावर राहिलं नव्हतं, म्हणून भावांनी त्यांना वर्षभर कोंडून ठेवलं होतं. ते आम्हाला तेव्हा त्यांच्याच तोंडून समजलं.

"खोली बराबर हाये," मामा म्हणाले, "पर कडी बाहीरून हाये. बाहीरची कडी दुसऱ्याच्या हातात ऱ्हाते, बाई."

बाईंनी वाद घातला नाही. सुताराला बोलावून बाहेरची कडी काढवली आणि आतून नवी बसवली. तरी मामा एकदम आले नाहीत. आधी तांब्या आला, आठवड्याने पेटी, मग घोंगडी. शेवटी मामा आले आणि दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर झोपू लागले. माझ्याकडून त्यांनी ११७/अ नंबर भिंतीवर लिहवून घेतला. डॉक्टरांनी चित्त ठिकाणावर राहण्याच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. बाई रोज गोळी त्यांच्या हातावर ठेवत आणि ती पोटात जाईपर्यंत समोर उभ्या राहत.

हिवाळ्यात एकदा मी त्यांना चिंचेकडे फिरायला नेलं. मामा सावलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले.

"तापवाले, देवघर दिसंना झालं. गोळीनं तकलीफ कमी झाली, पर एक एक खोली जाऊन राहिली."

बरं होणाऱ्या माणसाकडे पाहून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या आषाढात आभाळ गच्च भरून आलं आणि तीन दिवस उघडलं नाही. चौथ्या दिवशी, फेरी नसतानाही, मी रजिस्टर घेऊन दवाखान्यात गेलो. नेहमी सताड उघडं असणारं ते दार बंद होतं. मी कडी वाजवायला हात उचलला आणि मग ध्यानात आलं, की बाहेर कडीच नाही.

"वाजवू नका," मागून सिस्टरबाई आल्या. त्यांचा तो आवाज आज कुजबुजत होता. "कालपासून तीनदा कान लावून बघितलं मी. आत हायेत. झोपून राहिलेत."

दारापलीकडून घोरणं ऐकू येत होतं, संथ आणि बिनघोर. आमच्या खात्याचा नियम असा, की दार उघडलं नाही तर 'घर बंद' अशी नोंद करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. या दोन शब्दांवरून साहेब फार बोलत, म्हणून मी ते शक्यतो लिहीत नसे. त्या दिवशी मात्र मोत्यासारख्या अक्षरात लिहिले. महिन्याभराने परभणीहून साहेब तपासणीला आले. त्यांनी त्या ओळीपुढे लाल शाईने विचारलं: 'पुन्हा भेट का दिली नाही?' खुलाशाची जागा मी कोरीच ठेवली. मला त्या दाराशी पुन्हा जाऊन ते वाजवायचं नव्हतं. आत मामा झोपले होते.