चादरींच्या खोलीतली पंधरा मिनिटं

आत्याबद्दल लिहायचं तर आधीच कबूल करते की ती मला जरा जास्तच आवडायची, त्यामुळे तिच्या चुकीचीही मी वकिली करण्याची शक्यता आहे. वाचणाऱ्याने तेवढं धरून चालावं.

आत्या एका लहानशा प्रसूतिगृहात एकतीस वर्षं नर्स होती. खालच्या मजल्यावर बाळंतपणं, वरच्या मजल्यावर गर्भपात, आणि जिन्याच्या वळणावर कपड्यांची खोली. तिथे एक लोखंडी मांडणी, इस्त्रीचं टेबल, दोन स्टुलं आणि धुऊन वाळवलेल्या पांढऱ्या चादरींचा ढीग. वरच्या मजल्यावर जाणाऱ्या प्रत्येकीला आत्या आधी या खोलीत बसवायची. सोबत आलेली माणसं, मग नवरा असो, सासू असो नाहीतर आई, बाहेर. डॉक्टरीणबाईंचं विचारून झालेलं असायचं, सह्याही झालेल्या असायच्या. आत्या काहीच विचारत नसे. ती फक्त म्हणायची, "जरा घड्या घालू लागा. मला एकटीला उरकत नाही."

उरकत नाही ही शुद्ध थाप. पन्नास चादरींचा ती एकटी फडशा पाडायची. पण पंधरा मिनिटं ती समोर बसून बाईचे हात बघायची. काठाला काठ जुळवून घडी घालणारी ठरवून आलेली आहे, आणि जिची चादर अर्ध्यावर मांडीत पडून राहते तिच्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं आहे, असा तिचा ठोकताळा. अशा बाईला ती डॉक्टरीणबाईंकडे परत न्यायची, यांना आज नको म्हणून सांगायची, आणि बाहेर चुळबुळणाऱ्या सासवांना शिंगावर घ्यायची. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग त्यांनीही ते मानलं, कारण परत पाठवलेल्या बऱ्याच जणी पुन्हा आल्याच नाहीत.

"बाईला आतून माहीत असतं," आत्या म्हणायची. "तिला फक्त दार लोटलेली खोली लागते. विचारायला गेलं की ती समोरच्याला आवडेल ते उत्तर देते."

आतोबा नेमके दुसऱ्या टोकाचे. ते गाडी चालवायला शिकवायचे. बाजूच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक घेऊन त्यांची हयात गेली. माणूस घाबरला की ब्रेक समजून जीव खाऊन ॲक्सिलरेटर दाबतो, आणि वर शपथेवर सांगतो की मी ब्रेकच दाबला होता, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यात शिकलेसवरलेले होते, म्हातारे होते, एक न्यायाधीशही होते. त्यामुळे माणसाला आतून माहीत असतं वगैरे त्यांच्या पचनी पडत नसे. तुमचा वरचा मजला बंद करा असं ते म्हणत नसत, पण येणारीला आठ-पंधरा दिवस थांबवा, तिच्या बाजूला कुणीतरी ब्रेक घेऊन बसा, असं त्यांचं म्हणणं. त्या ब्रेकवर पाय कुणाचा, असं आत्याने विचारलं की ते पोळीचा तुकडा मोडण्यात गर्क व्हायचे. हा वाद त्यांच्या ताटावर इतकी वर्षं चालला की त्यात भांडण उरलं नव्हतं, नुसती सवय होती.

मग त्यांच्या मुलीला, आमच्या ताईला, पुन्हा दिवस गेले.

तिची पहिली लेक तेव्हा दीड वर्षाची होती. नवरा जहाजावर, वर्षातून आठ महिने बाहेर. ताई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि स्वतःच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन फिरायची. नवऱ्याने फोनवर सांगितलं, तू ठरवशील ते मला मान्य. यात वाईट काय, असं मला तेव्हा वाटलं होतं. दुपारच्या चहाला ती माहेरी आली तेव्हा मी तिथेच होते. तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि आईकडे बघितलं. आत्या म्हणाली, तुझं तू ठरव, मी आहेच. आतोबांनी मात्र कप खाली ठेवला.

"तू घाबरली आहेस. घाबरलेल्या माणसाने ठरवू नये. आठ दिवस जाऊ दे."

सल्ला वाईट नव्हता. पण त्यांचा आवाज गाडीतला होता. ताईला ते एकदाच गाडी शिकवायला बसले होते आणि चौकापर्यंत सात वेळा ब्रेक मारला होता. आठव्या वेळी ती उतरून चालत घरी आली, ती पुन्हा कधी स्टिअरिंगला शिवली नाही. त्या दुपारीही ती तशीच उठली. आठ दिवस सोडाच, तिने एक पुरता दिवसही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत्याच्याच प्रसूतिगृहात हजर.

आत्याला त्या दिवशी दुसऱ्या नर्सला पुढे करता आलं असतं. पण तिला आपल्या शिस्तीचा अभिमान होता. इथे ती माझी मुलगी नाही, आलेली बाई आहे, असं ती म्हणाली आणि ताईला चादरींच्या खोलीत घेऊन गेली. पंधरा मिनिटं दोघी समोरासमोर बसल्या. ताईने चौदा चादरींच्या घड्या घातल्या, एकही काठ इकडचा तिकडे नाही. आत्याने डोळे पुसले, दार उघडलं आणि तिला वर नेलं.

वर्ष गेलं. ताई येत होती, जात होती, पण बोलणं औषधापुरतं. आत्याला वाटलं, वडलांवरचा राग आहे. म्हणून एकदा माझ्यासमोरच तिची समजूत काढताना ती म्हणाली, तुझे बाबा काहीही म्हणोत, तुझं ठरलेलं होतं, मी तुझे हात पाहिले होते.

ताई आधी हसली. ते हसू मला अजून आठवतं, कारण त्यात गंमत अजिबात नव्हती.

"आई, शाळा सुटल्यावर मी त्याच खोलीत बसायचे. सहाव्या वर्षी तूच शिकवलंस मला. तशा घड्या मी झोपेतही घालेन."

आत्याने विचारलं, मग तुला नको होतं का ते? ताई म्हणाली, "माहीत नाही. म्हणून तर कुणीतरी विचारायला हवं होतं."

आतोबा दारात उभे होते. माझंच खरं होतं, असं ते म्हणाले नाहीत, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आपण बोललो नसतो तर ती इतक्या घाईने गेली नसती, हे त्यांना कळलं होतं. दोन म्हातारी माणसं, एकाचा माणसांवर भरवसा नाही, दुसरीचा आंधळा भरवसा, आणि मधल्या मध्ये त्यांची पोर एकटी पडली. मला दोघांचाही राग आला आणि दोघांची दयाही.

त्यानंतर आत्या चादरींच्या खोलीत विचारू लागली. तुम्हाला खरंच काय वाटतं? काही बाया रडल्या, काहींनी पाठ केलेलं उत्तर दिलं. तीन मुलांची एक आई मात्र हातातली चादर खाली ठेवून म्हणाली, घरी, दारी, सगळेच हेच विचारतात, तुमच्याकडे तरी गप्प बसायला मिळेल असं ऐकलं होतं. आत्या गप्प बसली. ठोकताळा गेला, त्याच्या जागी तिला काहीच सापडलं नाही. दोन वर्षं नोकरी शिल्लक असताना तिने घरी बसायचं ठरवलं.

पुढे नऊ वर्षांनी ती अंथरुणाला खिळली आणि ताई रजा काढून राहायला आली. एका सकाळी मी औषधं घेऊन गेले तर ताई तिचे केस विंचरत होती. आत्या माझ्या देखतच बोलू लागली. बहुधा साक्षीदार हवा होता तिला.

"भरवसा होता म्हणून विचारलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. मला भीती वाटत होती. तू ठेवते म्हणाली असतीस तर तुझे हाल मला बघवले नसते, आणि नको म्हणाली असतीस तर ते मला ऐकवलं नसतं."

ताईचा हात थांबला. तिने फणी खाली ठेवली.

"एवढं तेव्हा सांगितलं असतंस तरी मला पुरलं असतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, घरात घाबरलेली मी एकटीच."

आत्या रडू लागली. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी औषधं टेबलावर ठेवून बाहेर आले. आतोबा खुर्ची ओढून दाराशीच बसले होते, कानाला आता कमी ऐकू येत असल्याने मान तिरकी करून. काय चाललंय आत, असं त्यांनी खुणेने विचारलं.

"बोलतायत," मी मोठ्याने सांगितलं, आणि त्यांना आत जाऊ दिलं नाही.