आबांची घोंगडी मी धुतली

प्रिय इरा आणि नील,

मी घर सोडलं तेव्हा घर रस्त्यापलीकडे उभं होतं आणि त्याला निघायची घाई होती. तालुक्याच्या वसतिगृहाच्या फाटकाशी माझ्या वडिलांनी, आबांनी, माझी ट्रंक टेकवली. मेंढरं थांबत नाहीत, म्हणून आबाही थांबले नाहीत. सगळं बिऱ्हाड लादलेल्या घोड्याचा लगाम धरून आई म्हणाली, "छताला भिऊ नकोस, ते पडत नसतं." मी दहा वर्षांची होते. वर्षातले आठ महिने आम्ही उघड्यावर झोपणारे धनगर.

आबा कळपामागे चालता चालता टकळीवर लोकर कातायचे. गावातला विणकर त्या सुताची घोंगडी विणून तिला चिंचोक्यांची खळ लावून द्यायचा. मग तीच अंथरायची, तीच पांघरायची, पावसात डोक्यावरून घ्यायची. आईविना पोरकं झालेलं कोकरूही त्याच घोंगडीत, आबांच्या कुशीत झोपायचं.

मी शिकले, इंग्रजीची शिक्षिका झाले, लग्न करून आगाशीला दोन भाड्याच्या खोल्यांत आले. पहिल्याच हिवाळ्यात आबांचा कळप घाट उतरून विरारच्या पूर्वेला, कापणी झालेल्या भातशेतांत खतासाठी बसायला आला. कळप काकांवर सोपवून आबा एका संध्याकाळी चालत माझ्याकडे आले. ते राहावेत, माझं घर त्यांना आपलं वाटावं, एवढीच माझी इच्छा होती. आबा राहिलेही. मी खाट दिली, ते जमिनीवर घोंगडीतच झोपले.

सकाळी ते बागा बघायला गेले आणि घरमालकीणकाकू दारात येऊन नाक उडवत म्हणाल्या, "मास्तरीणबाई, घरात मेंढी बांधलीय का?" त्या हसल्या. मीही हसले. त्या गेल्यावर पाणी कढत तापवलं आणि साबणाचा चुरा घालून ती घोंगडी घासघासून धुतली.

दुपारी आबा परतले तेव्हा ती दोरीवर होती, हातभर आटलेली. खळ निघून गेली होती. आबांनी तिचं टोक नाकाशी धरलं. रागावले नाहीत.

"ही पांघरून गेलो तर मेंढरं बुजतील, पोरी. मी त्यांना कसा कळणार?"

हे मला कुणी सांगायला नको होतं. मी त्याच कळपात वाढले होते. आबांनी घोंगडी माझ्या हातात दिली, माझी सोलापुरी चादर खांद्यावर टाकली आणि निघाले. त्यानंतरही ते दर हिवाळ्यात यायचे, चहा घ्यायचे आणि दिवस मावळायच्या आत उठायचे. राहा म्हणायचं धाडस मला पुन्हा झालं नाही.

आबा वारल्याचं कळलं त्या दिवशी मी कपाटातून घोंगडी काढली आणि तिच्यात तोंड खुपसलं. साबणाचा वास आला, डांबरगोळ्यांचा आला. आबांचा कुठेच नव्हता. तो मीच धुऊन टाकला होता.

आता विरारला सातव्या मजल्यावर मी एकटी असते. सगळं जागच्या जागी असतं, कारण हलवणारं कुणी नाही. तुमचे आजोबा गेल्यापासून मी ती घोंगडी घेऊन झोपते. इरा, गेल्या रविवारी तू व्हिडिओ कॉलवर कॉलेजच्या हॉस्टेलसाठी तीच मागितलीस. विमानात वजन होईल, कसर लागलीय, अशी कारणं मी सांगितली. ती खरी नव्हती. मला ती द्यायची नव्हती. ती नसली तर या फ्लॅटमध्ये माझं म्हणावं असं काय उरतं, याचा विचार मी आठवडाभर केला.

तुझी आई डिसेंबरमध्ये येईल, तिच्याबरोबर पाठवते. मी जिथे नसेन तिथेही मी कुणाला तरी ओळखू यावी, एवढंच घर मला आता हवं आहे. घोंगडीला माझ्या खोबरेल तेलाचा, बामाचा आणि इथल्या दमट हवेचा वास आहे. तुझी रूममेट नाक मुरडेल. मुरडू दे. तू हसू नकोस. घोंगडी उन्हात टाक, झटक, पण धुऊ नकोस. मी गेल्यावर तर मुळीच नको.

तुमची आजी